कोतवाली कुणाची?

परभणी शहरात एका ठाण्याचं नाव कोतवाली आहे. दुसऱ्याचं नानलपेठ. तिसऱ्याचं नवा मोंढा. दोस्तांनो, ही नावं नीट वाचा. एक नाव बादशहाच्या काळातलं, एक पेठेचं, एक बाजाराचं. इतिहासाची पुस्तकं विसरतात, पण ठाण्याची पाटी विसरत नाही. पोलिस कुणाच्या राखणीसाठी आला, ते तिच्यावरच लिहिलंय. आमच्या वस्तीच्या नावानं ठाणं निघत नाही. आमच्या वस्तीत ठाणं येतं ते रात्रीचं, जीपमधून.

कवितेच्या अंकात पोलिस खात्याचा इतिहास कशाला, असं दोघा-तिघा मित्रांनी विचारलं. कशाला म्हणजे? आपला सगळा इतिहास त्यांच्याकडे आहे. बापाचं नाव, जात, गाव, अंगठा, फोटो, मोर्च्यात कुठल्या रांगेत होतो, सगळं. त्यांचा इतिहास आपल्याकडे नको? मी मॅट्रिक शिकलेला माणूस. गाव परभणी जिल्ह्यात, पोट मुंबईच्या गोदीत. ठेकेदाराच्या टोळीत माल चढवतो-उतरवतो. कायद्याचं कॉलेज मी पाहिलं नाही. पण गोदीत एक शिकलो : कितीबी जड माल असू दे, आधी त्याचा तोल कुठं आहे ते बघायचं, मग हात घालायचा. तोल न बघता हात घातला तर माल नाही, माणूस मोडतो. आपली पोरं आजवर खात्याचा तोल न बघताच हात घालत आली. म्हणून हे संपादकीय.

पोलिस नव्हता तेव्हा गावात राखण कोण करत होतं? येसकर. महार. वेशीवर रात्र त्यानं जागायची. चोराचा माग त्यानं काढायचा. सरकारी वसूल तालुक्याला पोचवताना सोबत त्यानं चालायचं. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मढ्याचा सांगावा गावोगाव न्यायचा. म्हणजे पोलिसाचं काम आमचं, पोलिसाचा अधिकार पाटलाचा. मजुरी? भाकरतुकडा आणि वतनाच्या नावाखाली मातीचा एक तुकडा, ज्यानं पिढ्यान्पिढ्या पायात दोर बांधला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते हा दोर तोडायला. जुन्या मुंबई इलाख्यात हे वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली. तीस वर्षं लागली. बाबासाहेब ते बघायला राहिले नाहीत.

आणि ज्या जातीनं शेकडो वर्षं फुकट राखण केली, तिला पगारी पोलिसात मात्र दार बंद होतं. १९२८ साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांना पोलिसात आणि लष्करात भरतीची मागणी करावी लागली. फुकट राखण चालते, पगारी राखण बाटवते! ही गावगाड्याची अक्कल.

'कोतवाल' या शब्दाचं नशीब बघा. शहरात कोतवाल म्हणजे बडा अंमलदार. हैदराबाद शहराचा कोतवाल निजामाच्या दरबारातला माणूस. खेड्यात तोच शब्द आला आणि तलाठ्याच्या हाताखालचा सगळ्यात खालचा माणूस झाला. एकच शब्द, पण वेशीच्या आत एक अर्थ, वेशीबाहेर दुसरा. जात माणसालाच लागते असं नाही, शब्दालाही लागते.

परभणी निजामाच्या राज्यात होती. सालारजंगानं १८६५ साली जिल्हाबंदी केली, पुढं जिल्ह्याची पोलिस उभी राहिली. जिल्ह्याला मोहतमीम, ठाण्याला अमीन, खाली जवान. पलीकडं इंग्रजानं आपलं खातं बांधलं. मुंबईत आंजियरनं १६६९ साली भंडाऱ्यांची पलटण उभी केली, तिथून मुंबई पोलिसांचा इतिहास सांगतात. १८५७ च्या बंडानं इंग्रज हादरला आणि १८६१ साली पोलिसांचा कायदा केला. त्याचा नमुना त्यानं लंडनच्या रस्त्यावरून आणला नाही. आयर्लंडमधून आणला, जिथं तो परक्या लोकांवर राज्य करत होता. हे ध्यानात ठेवा. साहेबाच्या स्वतःच्या गावात पोलिस नागरिकाचा, आणि जिंकलेल्या मुलखात पोलिस पलटणीसारखा. आपल्या वाट्याला दुसरा आला. १८६४ साली फ्रँक सूटर मुंबईचा पहिला पोलिस कमिशनर झाला.

त्याच इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश मुलखावर पसरला. पोरगं आईच्या पोटात असतानाच गुन्हेगार! हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली वस्ती. १९५२ साली तो कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. ज्यांनी दगड फोडून तुमची धरणं आणि रस्ते बांधले ते. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. तेरा तारखेला भारताचं सैन्य शिरलं, सतरा तारखेला निजाम शरण आला. रझाकारांच्या जाचातून मुलूख सुटला, हे खरंच. पण त्याला नाव काय दिलं? पोलिस ॲक्शन. रणगाडे घेऊन आलेल्या फौजेला पोलिस म्हणलं गेलं. त्या दिवसांत मराठवाड्यात गोरगरीब मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची पाहणी सुंदरलाल समितीनं केली आणि तो अहवाल सरकारनं दशकानुदशकं दाबून ठेवला. फौजेला पोलिस म्हणायचं आणि पोलिसांनी फौजेसारखं वागायचं, ही सवय इथं तेव्हापासूनची.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. राज्य बदललं, झेंडा बदलला, टोपी बदलली. कायदा कुठला आला? मुंबई पोलिस कायदा, १९५१. तो कशातून झाला? १८९० चा जिल्हा पोलिस कायदा आणि १९०२ चा मुंबई शहर पोलिस कायदा एकत्र करून. साहेबाचा सदरा उसवून आपल्या मापाचा शिवला, कापड तेच. पुढं त्याचं नाव महाराष्ट्र पोलिस कायदा झालं. नावच.

खात्याची भाषासुद्धा तीन राज्यांची आहे. फिर्याद, हवालदार, जमादार, मुद्देमाल ही निजामी-मोगली. रिमांड, कस्टडी, वॉरंट ही इंग्रजी. 'अन्वये', 'उपरोक्त', 'प्रस्तुत' ही आपल्या लोकशाहीची. आमचं नाव मात्र तिन्ही राज्यांत एकच : सदर इसम.

आता रचना. हे पाठ करा, कवितेसारखं. ठाण्याचा मुख्य पोलिस निरीक्षक. त्याच्या हाताखाली सहायक निरीक्षक, फौजदार, हवालदार, शिपाई. चार-सहा ठाण्यांवर उपविभागीय अधिकारी, ज्याला लोक डीवायएसपी म्हणतात. जिल्ह्यावर पोलिस अधीक्षक, एसपी. एसपीच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी. तिला ठाण्याची हद्द नाही, सगळा जिल्हा तिचा. परभणीचा एसपी नांदेड परिक्षेत्राच्या विशेष पोलिस महानिरीक्षकाखाली. त्याच्यावर मुंबईत पोलिस महासंचालक. त्याच्यावर गृहखातं, त्याच्यावर मंत्री. राज्य राखीव दल, एसआरपी, वेगळं. ते जिल्ह्याचं नाही. ते गाडीतून येतं, ज्या वस्तीत उतरतं तिथल्या एकाही माणसाला ओळखत नाही.

मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एसपी नाही, कमिशनर. फरक काय? परभणीत जमावबंदी लावायची, चॅप्टर केस करून जामीन मागायचा, तर कागदावर तरी कलेक्टर, प्रांत, तहसीलदार यांचा हुकूम लागतो. पोलिस मागणार, महसूलवाला देणार. कमिशनरच्या शहरात मागणारा आणि देणारा एकाच खात्यातला. परभणीसारख्या गावात आपल्याला दोन दारं आहेत. एक बंद झालं तर दुसरं ठोठावता येतं. आपली पोरं फक्त ठाण्याचं दार ठोठावतात आणि तिथंच डोकं फोडून घेतात.

दोस्तांनो, या खात्याला दोन चाली आहेत. एक उशिराची, एक घाईची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातसुद्धा. आमची घरं जळत होती, माणसं रानात लपत होती. तेव्हा खातं उशिराच्या चालीत होतं. रस्ता सापडेना, वाहन मिळेना, माणूसबळ कमी. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले. तेव्हा खातं घाईच्या चालीत. एसआरपीची गोळी सुटली, दहा माणसं गेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली ती २००९ साली. गोळीला काही मिनिटं, निकालाला बारा वर्षं. काठी तीच, माणूस तोच, पगार तोच. फक्त समोर कोण आहे ते बघून चाल बदलते.

आता परभणीवर येऊ. या एका शहरानं खात्याला दोन पोरं दिली आहेत.

पहिला ख्वाजा युनूस. परभणीचा. सत्तावीस वर्षांचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. २००२ च्या डिसेंबरात घाटकोपरच्या बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये मुंबई पोलिसांनी उचलला. २००३ च्या जानेवारीत पोलिसांनी सांगितलं, नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. पळाला तो आजवर सापडला नाही. सीआयडीच्या तपासात पळून जाण्याची गोष्ट खोटी निघाली. चौदा पोलिसांवर ठपका आला, सरकारनं खटल्याची परवानगी दिली ती चौघांपुरती. ज्या केसमध्ये त्याला धरलं, त्यातले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले. आणि निलंबित पोलिसांना २०२० साली पुन्हा नोकरीत घेतलं गेलं. आईला मुलाचं मढंसुद्धा मिळालं नाही.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. वडाराचा पोरगा. मघाशी म्हणलं होतं, नाव लक्षात ठेवा. पस्तीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. ११ तारखेला बंद झाला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. मग कोंबिंग सुरू झालं, वस्तीवस्तीतून माणसं उचलली गेली. त्यात सोमनाथ. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनाच्या अहवालात लिहिलं : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, मारहाण झालेली दिसत नाही, त्याला जुना आजार होता. दंडाधिकारी चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा दाखल होईना. आई हायकोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला परत पाठवलं. साडेसात महिने! शिक्षेसाठी नाही, खटल्यासाठीसुद्धा नाही. फक्त एफआयआर लिहून घेण्यासाठी. दुकानातून पाकीट गेलं तर तासाभरात जो कागद निघतो, त्या कागदासाठी एका आईला देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाची पायरी चढावी लागली.

एक मुसलमान, एक वडार. एक मुंबईच्या पोलिसांच्या ताब्यात, एक परभणीच्या. बावीस वर्षांचं अंतर. मोर्चे वेगळे, झेंडे वेगळे, दोन्हीकडं रडणारी आई मात्र सारखीच. २००३ साली आपल्यातले किती जण ख्वाजाच्या आईमागं उभे होते? हा प्रश्न मी वाचकाला विचारतो. ज्याच्या दाराशी आपण गेलो नाही, तो आपल्या दाराशी का यावा?

आता तोल कुठं आहे ते सांगतो. गोदीत माल जहाजातून बाहेर आला की टॅली होते. ट्रकमधून गोदामात गेला की पुन्हा टॅली. प्रत्येक हातबदलीला माणूस कागद घेऊन उभा असतो. खोका फुटका असला तर तिथल्या तिथं लिहितो, सही घेतो. का? पुढं कुणी म्हणू नये की माझ्या हातात आला तेव्हा धड होता. साबणाच्या खोक्याला ही इज्जत आहे. आता माणसाची हातबदली बघा. घरातून ठाणं, ठाण्यातून कोर्ट, कोर्टातून तुरुंग, तुरुंगातून दवाखाना. चार हात. माणूस मेला की चौघंही म्हणतात, आमच्याकडं होता तेव्हा धड होता. कारण टॅली नाही. असली तर कोरी. सगळा खून या हातबदलीत लपतो.

टॅलीचा कायदा आहे, बरं का. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : पकडणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. अटकेचा मेमो पाहिजे, त्यावर साक्षीदाराची सही पाहिजे. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. अंगावरच्या जखमांची नोंद पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी पाहिजे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं, हे तर खुद्द संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलं, प्रत्येक ठाण्यात कॅमेरा पाहिजे, कोठडीतसुद्धा, आणि चित्र जपून ठेवलं पाहिजे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यानं करायची हे जुन्या फौजदारी संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत कलम १९६ मध्ये आहे. पण चौकशीत पोलिस दोषी निघाले तर पुढं काय, ते कलम सांगत नाही. सोमनाथची आई साडेसात महिने त्याच भोकाशी उभी होती. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर राज्याला पोलिस तक्रार प्राधिकरण करावं लागलं, २०१४ साली कायद्यात आलं. परभणीतल्या किती जणांना त्याचा पत्ता माहीत आहे? ठाण्याच्या भिंतीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' मोठ्या अक्षरात रंगवतात. तक्रार कुठं करायची ते नाही रंगवत.

आता कडू बोलतो. काठी मारणारा हात कुणाचा? बहुतेक वेळा गरिबाच्या पोराचाच. बारा-चौदा तासांची ड्युटी, गळकी चाळ, सणाला बंदोबस्त, साहेबाच्या बंगल्यावर भाजी आणायची. १९८२ च्या ऑगस्टात मुंबईच्या शिपायांनी आपल्या संघटनेसाठी आवाज केला तर सरकारनं संघटना मोडली, लष्कर बोलावलं, शिपायांना घरी बसवलं. १९६६ च्या कायद्यानं पोलिसाला युनियनचा हक्क बांधून टाकलाय. ज्याला स्वतःच्या तक्रारीसाठी तोंड नाही, त्याच्या हातात फक्त काठी देतात. मग तो ती कुणावर चालवणार? वर चालत नाही, खालीच चालते. हे सांगतो म्हणून त्याचा गुन्हा माफ नाही. हुकूम होता म्हणून मारलं, हे उत्तर आम्ही मानत नाही. येसकरालाही हुकूमच होता, त्याला कधी कुणी माफ केलं?

पहाटे कुठल्याही जिल्ह्याच्या मैदानावर जा. आपली पोरं पळतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. पोलिस भरती. त्यातली काही ११ डिसेंबरच्या मोर्च्यात होती आणि दुसऱ्या दिवशी अंगावर केस लागेल म्हणून थरथरत होती. केस लागली की व्हेरिफिकेशनमध्ये नाव उडतं. म्हणजे एकाच दगडात दोन : मोर्चाही थांबतो, भरतीही थांबते. काही दोस्त म्हणतात, खाकी घालू नका, ती गुलामी आहे. मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी भरती मागितली ती पोटासाठी होतीच, पण राज्याची काठी एकाच जातीच्या मुठीत राहू नये म्हणूनही होती. जा. पळा. भरती व्हा. पण खाकी चढवल्यावर स्टेशन डायरी खरी लिहा. कोठडीत कुणाला मारलं तर ते लिहा. त्या एका ओळीची किंमत शंभर कवितांपेक्षा जास्त आहे. हे मी कवी असून सांगतो.

आपल्या मागण्या साध्या आहेत. सोमनाथच्या आणि ख्वाजाच्या खटल्यांचा निकाल आईच्या हयातीत लागावा. कोठडीतल्या मृत्यूत दंडाधिकाऱ्यानं ठपका ठेवला की आपोआप गुन्हा नोंदला जावा, आईला हायकोर्ट चढायला लागू नये. ठाण्यातलं चित्र नातेवाइकाला मिळावं. प्रत्येक हातबदलीला माणसाच्या अंगाची टॅली व्हावी, सहीनिशी.

आणि आपलं काम? प्रत्येक वस्तीत दोन पोरं-पोरी तयार ठेवा. माणूस उचलला की पहिल्या तासात त्यांनी ठाण्यात जायचं. एकट्यानं नाही, वकील आणि वस्तीतली दोन म्हातारी माणसं घेऊन. कुठल्या ठाण्यात, किती वाजता, कुठल्या कलमाखाली, नावाची पट्टी कुणाची, वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर राहायचं आणि पकडलेल्या माणसाला आधीच सांगायचं : दंडाधिकाऱ्यानं विचारलं, काही तक्रार आहे का, तर मान खाली घालू नको. मागं पोलिस उभा असला तरी बोल. सदरा वर करून दाखव. तुझी टॅली तिथंच होते.

खात्याकडं दीडशे वर्षांच्या वह्या आहेत. आपण आजपासून एक वही घालू. दोन रुपयांचं पेन पुरतं.

कोतवाली कुणाची, हे पाटीवरून ठरणार नाही. तिथं आपलं माणूस रात्री आत गेलं आणि सकाळी जसंच्या तसं बाहेर आलं, त्या दिवशी म्हणू : आपलीसुद्धा आहे. तोवर वही उघडी ठेवा.

जयभीम.